सातवी-आठवीच्या पोरांना गॉथिक नाटक कसं शिकवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात आठवीला इंग्रजी शिकवते आणि गेली काही वर्षं दिवाळीनंतरच्या तासांना मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी नाटक म्हणून वर्गात घेते. दुसऱ्या शाळांमधल्या मैत्रिणी, बीएड करणारी पोरं, कधी पालक, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

गॉथिक म्हणजे काय ते पोट्ट्यांना कसं सांगायचं?

व्याख्या फळ्यावर लिहू नका, ती लिहिली की वही उघडते आणि डोकं बंद होतं. मी विचारते, तुमच्या ओळखीतली अशी एक जागा सांगा जिथे दिवेलागणीनंतर जायला नको वाटतं. बस, पाच मिनिटात अख्खा वर्ग बोलायला लागतो. आजोळचा वाडा, नागपूरच्या महाल भागातल्या कुठल्यातरी गल्लीतलं कायम कुलूप असलेलं घर, मुंजाचा पिंपळ, शेतातली विहीर जिच्याबद्दल आजी काही सांगतच नाही. मग मी फक्त त्यांचंच बोलणं परत त्यांना देते: जुनी जागा, बंद दार, घरच्यांनी दाबून ठेवलेली एखादी गोष्ट, बिघडलेलं हवामान, आणि नको सांगितलं तरी ते दार उघडणारा कोणीतरी. झालं गॉथिक.

नावाचं एवढंच सांगा की होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रजाने १७६४ च्या शेवटी 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी काढली, आधी ती जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर आहे असं भासवलं, आणि पुढच्या आवृत्तीत स्वतःचं असल्याचं कबूल करून 'अ गॉथिक स्टोरी' असं लिहिलं. लेखकाने स्वतःच पुस्तक लपवून आणलं हे ऐकून पोरांना भारी मजा वाटते.

सातवीच्या पोरांना हे झेपतं का? लहान नाही का पडत?

सातवीला निवडक तीन-चार प्रवेश, आठवीला पूर्ण, नववीला कादंबरीतले उतारे जोडून. झेपण्याचं म्हणाल तर या वयातली पोरं मोबाइलवर काय काय पाहून राहिली ते आपल्याला माहीत आहे. रक्त पाहायची त्यांना सवय झालीय, पण कोणीतरी दाराबाहेर एकटं उभं आहे याचा विचार करायची सवय नाही झालेली, आणि हे नाटक नेमकं तेवढंच मागतं.

फ्रँकेन्स्टाइनच का? ड्रॅक्युला का नाही?

ड्रॅक्युला मला आवडतो, पण त्यात वाईट कोण हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. फ्रँकेन्स्टाइनमध्ये पोरं भांडतात. चूक कोणाची, बनवणाऱ्याची की बनलेल्याची? आठवीच्या वर्गात यावर तास संपल्याची बेल ऐकू येत नाही इतका गोंधळ झालेला मी पाहिला आहे, आणि जो पोरगा वर्षभर तोंड उघडत नाही तो त्या दिवशी बोलतो.

पोरं राक्षसालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात, दुरुस्त करायचं का?

करायचं, पण घाईने नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव, तो इंगोलस्टाट्च्या विद्यापीठातला तरुण विद्यार्थी. ज्याला बनवलं त्याला नावच नाही. इथे थांबा. आपल्याकडे बारशाशिवाय पोर राहत नाही, गाईच्या वासराला नाव असतं, गल्लीतल्या कुत्र्यालाही असतं. याचं बारसंच कोणी केलं नाही.

आणि मग ही गोष्ट सांगा, माझी सगळ्यात लाडकी. १८२३ च्या जुलैत लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये या कादंबरीवरचं पहिलं नाटक लागलं, रिचर्ड ब्रिन्सली पीक यांनी लिहिलेलं. त्याच्या जाहिरातीच्या कागदावर पात्रांची नावं होती आणि समोर नटांची, पण टी. पी. कुक हा नट जे पात्र करत होता तिथे नावाच्या जागी नुसत्या रेघा छापल्या होत्या. मेरी शेलीने स्वतः ते नाटक पाहिलं, आणि ज्याला नाव देता येत नाही त्याला असं बिननावाचं नाव देणं तिला आवडलं. मी फळ्यावर पात्रयादी लिहिते आणि त्याच्या जागी एक लांब रेघ ओढते. दरवर्षी कोणीतरी उठून विचारतं, मॅडम आपण ठेवू ना याला नाव. मी म्हणते सुचवा. एका वर्षी चिठ्ठ्या गोळा केल्या तर सोळा नावं आली, आणि एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ते त्याला विचारा ना'. ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे.

"शाळेत भूतप्रेत कायले शिकवता?" असं पालक म्हणतात तेव्हा?

शांतपणे सांगायचं की या नाटकात एकही भूत नाही. मंत्र नाही, करणी नाही, अंगात येणं नाही. एक हुशार पोरगा आहे, त्याचा प्रयोग आहे आणि त्याने टाळलेली जबाबदारी आहे. उलट महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो पोरांपर्यंत पोचवायला यापेक्षा बरा धडा कुठला? मी पालकसभेत आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रवेश (तो पुढे सांगितलाय) मराठीत वाचून दाखवते, पाच मिनिटं लागतात. त्यानंतर मला फारशी समजूत घालावी लागलेली नाही. पण ही सभा आधी घ्या, तक्रार आल्यावर नाही.

सुरुवात कुठून करायची? पुस्तकाच्या पहिल्या पानापासून?

नाही, उन्हाळ्यापासून. नागपूरची पोरं आहेत, मे महिन्याची दुपार त्यांना समजावून सांगावी लागत नाही: पारा पंचेचाळीसला टेकलेला, दारं-खिडक्या लावलेल्या, कूलर घरघरून राहिला, बाहेर निघायची बंदी, आणि सगळी भावंडं अंधाऱ्या खोलीत आत्याकडून गोष्टी ऐकून राहिली. आता हेच उलटं करा. १८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आणि वायू इतके वर गेले की पुढच्या वर्षी, म्हणजे १८१६ ला, युरोपात उन्हाळाच आला नाही, नुसता पाऊस आणि गारठा. जिनिव्हाच्या तलावाकाठी सुट्टीला गेलेली मंडळी घरात अडकली. कवी बायरन, पर्सी शेली, डॉक्टर पोलिडोरी आणि अठरा वर्षांची मेरी. बायरन म्हणाला प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्यातून ही गोष्ट आली. म्हणजे आपण उन्हामुळे कोंडले जातो, ती मंडळी पावसामुळे, पण कोंडलं की गोष्टी निघतात हे दोन्हीकडे सारखंच. अठरा वर्षं ऐकल्यावर मुली जरा ताठ बसतात, ते मला फार आवडतं.

अजून एक. कादंबरी बाजारात आली १ जानेवारी १८१८ ला, लेखिकेच्या नावाशिवाय, फक्त पाचशे प्रती. त्याच्या पाचच आठवडे आधी, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, आपल्या सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रज आणि अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची लढाई झाली. बर्डीवरून रोज सिटी बसने येणाऱ्या पोराला एकदम कळतं की हे 'खूप जुनं' म्हणजे नेमकं किती जुनं, आपला किल्ला पाहून राहिलो ना तेवढं.

इंग्रजी फार जड आहे, मराठीत शिकवलं तर चालेल?

चालेल काय, चालायलाच पाहिजे. आमचा वर्ग सेमी इंग्रजी आहे, घरी कोणी मराठी बोलतं, कोणी हिंदी, आणि ग्राउंडवर दोन्हीची भेळ. मी आधी प्रवेश मराठीत करून घेते, तोही पोरांच्याच बोलीत, आणि मग तोच प्रवेश इंग्रजीतून वाचतो. तोपर्यंत कोण कोणावर चिडलंय हे त्यांना माहीत असतं म्हणून शब्द अडत नाहीत. एका पोरीने व्हिक्टरच्या बापाचं वाक्य 'काहून बे, घरी पत्र टाकायला हात दुखतात का तुझे?' असं केलं, आता इंग्रजीतला बाप तिला कधी परका वाटणार नाही. फक्त दोन-तीन वाक्यं मी मूळ इंग्रजीत पाठच करून घेते, त्यातलं एक म्हणजे तो बिननावाचा व्हिक्टरला सांगतो की मी चांगलाच होतो, दुःखाने मला असं केलं. ते वाक्य कोवळ्या वयात पाठ झालं की आयुष्यभर राहतं.

वीज कडाडते आणि तो जिवंत होतो, तो प्रवेश कसा घ्यायचा?

आधी खरं सांगू, मी त्या प्रवेशाला कमी वेळ देते. कादंबरीत तर ढगातून वीज पडून तो उठतो असं काही नाहीच, नोव्हेंबरची एक उदास रात्र आहे, पाऊस खिडकीवर वाजतोय, मेणबत्ती संपत आलीय, आणि त्याचा पिवळा डोळा उघडतो. इतकंच. सपाट डोकं आणि मानेतले बोल्ट १९३१ च्या सिनेमातून आले.

पण विज्ञानाच्या सरांना त्या दिवशी नक्की बोलवा. गॅल्वानीने मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेने झटका बसतो हे पाहिलं, त्याचा पुतण्या अल्डिनीने १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतावर तोच प्रयोग लोकांसमोर केला. सातवीला हा दुसरा भाग सांगू नका, आठवीला सांगा. म्हणजे मेरीने कल्पना हवेतून नाही काढली, तिच्या काळातली मोठी माणसं खरंच हे करून राहिली होती.

तासाचा वेळ वाचवा आणि त्यानंतरच्या क्षणाला द्या. डोळा उघडल्यावर व्हिक्टर काय करतो? पळतो. बाळ उठलं आणि बाप पळाला. नाटक तिथे सुरू होतं.

मग मुख्य प्रवेश कोणता?

आंधळ्या म्हाताऱ्याचा. व्हिक्टरने बनवलेला 'तो' जंगलातल्या एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो, भिंतीच्या फटीतून डी लेसी कुटुंबाला पाहतो, त्यांचं ऐकून ऐकून बोलायला शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. मग एक दिवस हिंमत करून एकट्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलायला जातो, म्हातारा नीट बोलतो, आणि तेवढ्यात पोरं घरी येतात आणि म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स त्याला काठीने मारतो.

यासाठी माझा एकच व्यायाम आहे आणि तो मी कधी चुकवत नाही. एका पोराला वर्गाबाहेर व्हरांड्यात पाठवायचं, दार लावायचं, आणि आतल्यांना सांगायचं की तुम्ही डबा खाऊन राहिलात, गप्पा मारा, हसा. बाहेरच्याने दार वाजवायचं. आतल्यांनी उघडायचं नाही, फक्त एकदम गप्प व्हायचं आणि मनात वीस मोजायचे. मग दार उघडून त्याला आत घ्यायचं आणि विचारायचं, काय ऐकू आलं? एकाने सांगितलं होतं, "मॅडम, बाहेरून आपला वर्ग किती मस्त वाटते." मी त्याच्यावर एक शब्द बोलले नाही, वर्गातही कोणी बोललं नाही. एका तासात तीन-चार पोरांनाच पाठवा आणि ज्याला नको त्याला नको. आणि वर्गात ज्याला एरवीच कोणी जवळ घेत नाही त्याला बाहेर पाठवू नका, त्याला आत बसवा, म्हाताऱ्याच्या जागी.

पोरं गंभीर जागी हसतात, काय करू?

हसू द्या. काठीचा मार आला की हमखास हसतात, आणि आपण ओरडलो की ते हसू दाबलं जातं, जात नाही. मी तोच प्रवेश लगेच परत करायला लावते, आवाज न करता, हळूहळू, काठी हवेतच थांबवून. दुसऱ्यांदा फार कमी जण हसतात.

राक्षसाचा रोल कोणाला द्यायचा?

यात माझ्या हातून एकदा चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. पहिल्या वर्षी मी वर्गातल्या सगळ्यात उंच, दांडग्या पोराला तो रोल दिला. त्याने केलं छान. पण दुसऱ्या दिवसापासून सुट्टीत त्याला सगळे राक्षस म्हणायला लागले, मला पत्ताच नाही. तो तीन दिवस आला नाही, चौथ्या दिवशी त्याची आई आली आणि म्हणाली, "मॅडम, हा घरी नुसता आरशासमोर उभा राहून राहिला." कादंबरीत तोही पाण्यात आपलं तोंड पाहून दचकतो, तो उतारा मी त्याच आठवड्यात शिकवला होता. मी त्याची आणि त्याच्या आईची माफी मागितली, वर्गाशी बोलले, पण ते तीन दिवस काही परत घेता आले नाहीत.

तेव्हापासून तो रोल कोणा एकाचा नसतो. एक राखाडी दुपट्टा आहे, तो ज्याच्या खांद्यावर तो त्या प्रवेशापुरता 'तो'. प्रवेश बदलला की दुपट्टा पुढच्याच्या खांद्यावर. सात प्रवेश, सात पोरं, त्यात मुलीही, हुशारही, वर्गाचा मॉनिटरही. चेहऱ्याला रंग नाही, टाके नाहीत, काही नाही. मेकअपने काळं किंवा कुरूप करायचं तर अजिबातच नाही, कारण कोणाचा तरी खरा रंग तोच असतो आणि तो पोरगा पहिल्या बाकावर बसून पाहत असतो.

नागपूरशी याचा काही संबंध जोडता येतो का?

मारबत! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासूनची परंपरा, बांबू-कागद-कापडाचे ते प्रचंड पुतळे, सोबत बडगे म्हणजे टोमणे मारणारे पुरुषांचे पुतळे, आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा घोष. आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांनी बापाच्या खांद्यावर बसून ती पाहिलेली असते. मी विचारते, आपण गावाची सगळी पीडा एका पुतळ्यावर टाकतो आणि त्याला गावाबाहेर नेऊन जाळतो, पुतळ्याला काही वाटत नाही म्हणून ते ठीक आहे, पण समजा तो पुतळा ऐकत असता? हा प्रश्न विचारताना काळजी घ्या. मारबत आपल्या लोकांच्या जीवाभावाची आहे, ती चूक आहे असं चुकूनही सुचवू नका, आणि तसं मला वाटतही नाही. फरक तोच आहे, मारबत माणूस नाही. व्हिक्टरचं गाव मात्र माणसाला मारबत करतं.

आणि ज्यांचं आजोळ भंडारा, वडसा, गडचिरोलीकडे आहे त्यांना झाडीपट्टीची नाटकं आठवायला सांगा. रात्रभर चालणारी, मधे गाणी, मोठ्याने बोलणारा खलनायक. १८२३ चं ते लंडनचं नाटकही असंच गाण्यांचं होतं, कारण त्या काळी तिथे नुसती संवादाची नाटकं करायचा हक्क मोजक्याच थिएटरांना होता, बाकीच्यांना संगीत घालावंच लागायचं. आणि त्यात तो बोलतच नव्हता, पूर्ण मुका. पोरांना विचारा, त्याचं बोलणं काढून घेतल्यावर काय उरतं.

लाइट, आवाज, सेट यासाठी पैसे नाहीत.

लागत नाहीत. गडगडाटासाठी जुन्या कूलरचा पत्रा आणा, कोणत्याही कबाडीवाल्याकडे मिळतो, कडा घासून त्यावर टेप लावा नाहीतर हात कापतो, वरून दोरीने टांगा आणि खालून हलवा. वाऱ्यासाठी तोच कूलर पाण्याशिवाय चालू करा. उजेडासाठी खिडक्यांना कार्डशीट आणि दोन टॉर्च. टॉर्च खालून तोंडावर मारायचा मोह होतो, तो एकदाच वापरा.

भुताची काच मात्र जरूर करून दाखवा. रात्रीच्या एसटीत बाहेर अंधार आणि आत दिवा असला की काचेत आपलंच तोंड बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतं ना, तेच. १८६२ मध्ये लंडनला जॉन पेपर यांनी हीच युक्ती मोठ्या काचेने रंगमंचावर केली, नट खाली लपलेला, त्याच्यावर झगझगीत उजेड, आणि प्रेक्षकांना भूत दिसायचं. वर्गात एक साधी काच तिरकी धरा, एका बाजूला लपवून मेणबत्ती लावा, पलीकडे पाण्याचा ग्लास ठेवा, मेणबत्ती पाण्यात जळताना दिसते. काच तुम्हीच धरा, पोरांच्या हातात देऊ नका.

एखादं पोर खरंच घाबरलं तर?

पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की कोणालाही कधीही उठून पाणी प्यायला जायची परवानगी आहे, विचारायची गरज नाही. ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्या पोराशी आधी एकटं बोला. व्हिक्टरच्या छोट्या भावाचा, विल्यमचा खून आणि त्याच्या खोट्या आरोपावरून घरच्या मोलकरणीची, जस्टीनची फाशी मी कधीच करून दाखवत नाही, कोणीतरी येऊन बातमी सांगतं तेवढंच. शेवटची दहा मिनिटं लाइट लावून, खिडक्या उघडून गप्पा. अंधारातून सरळ घरी पाठवू नका.

किती तास लागतात? मार्क कसे द्यायचे?

दहा ते बारा तासिका. गॅदरिंगच्या आधी बसवलं तर तालमींचा वेळही मिळतो. मार्क अभिनयाला देऊ नका, पोरं लाजरी असतात. मी एकच लेखन घेते: डी लेसीच्या घरातल्या कोणीही त्या रात्री लिहिलेलं पत्र.

कॉपीराइटचं काय?

मेरी शेली १८५१ ला वारली, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे कादंबरीवरून तुमचं तुम्ही नाटक लिहिलं तर काही अडचण नाही. हल्लीच्या लेखकांची नाट्यरूपांतरं मात्र त्यांच्या मालकीची असतात. शाळेच्या कार्यक्रमात, शिक्षक-विद्यार्थ्यांनी, फक्त शाळेच्या माणसांसमोर आणि पालकांसमोर केलं तर कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावून किंवा बाहेरच्या हॉलमध्ये करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. मला विचाराल तर पोरांकडूनच लिहून घ्या, त्यांचं जास्त चांगलं होतं.

शेवट बदलला तर चालेल का? पोरं फार मागे लागतात.

चालेल. कादंबरीत व्हिक्टर उत्तरेच्या बर्फात जहाजावर मरतो, 'तो' येऊन त्याच्याजवळ रडतो आणि मग बर्फाच्या तुकड्यावर बसून अंधारात दूर निघून जातो, मेला की नाही ते आपल्याला दिसत नाही. १८२३ च्या नाटकात दोघंही हिमकड्याखाली गाडले जातात. म्हणजे शेवट पहिल्याच नाटकापासून बदलत आलाय. मी गटागटाने शेवट लिहायला देते, अट एकच, 'तो' आणि दुसरं कोणीतरी यांच्यात निदान एक वाक्य बोललं गेलं पाहिजे. मागच्या वर्षीच्या एका गटात शेवटी तो परत म्हाताऱ्याच्या झोपडीशी येतो, घर रिकामं, चूल थंड. तो खांद्यावरची लाकडं दाराशी उतरवतो. आतून कोणीच नाही तरी दार वाजवतो. पोरांनी तिथे वीस मोजले आणि मग पहिल्या बाकावरच्या मुलीने, जिचा रोलच नव्हता, ती जागची उठली आणि जाऊन दार उघडलं.